गाण्यातली थांबायची जागा

मी येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यानं मला भक्त समजून उगाच हात जोडू नयेत. भक्त माझी बायको होती. मी तिच्या शेजारी बसून तुणतुणं वाजवणारा माणूस. चाळीस वर्षं वाजवलं, त्यातलं निम्मं बायकोसाठी आणि निम्मं सवयीनं. देवीच्या वाट्याला किती आलं ते तिलाच माहीत. शाळेत मी दोन वर्षं गेलो, तीही उर्दूच्या. मराठी अक्षरं मोठेपणी देवळात पोथी वाचणाऱ्या बुवांजवळ बसून गिरवली. तेव्हा जे घडलं ते सरळ लिहितो. चमत्कार होता का नव्हता हे मला विचारू नका. माझी अक्कल बेताची आहे, पण कान अजून पक्के आहेत.

तिचं नाव गोदावरी. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. मीही जन्म सगळा "अगं, ऐकलं का" म्हणून काढला. आता ती नाही, तर कागदावर नाव लिहितो. कुणाला खटकलं तर खटको. वाशीपासून कळंबापर्यंत लोक तिला गोदा आराधीण म्हणायचे. आराधीण म्हणजे देवीच्या नावानं गळ्यात कवड्यांची माळ घातलेली आणि हातात परडी घेतलेली बाई. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली. मंगळवारी आणि शुक्रवारी ती घेऊन पाच घरं फिरायचं आणि पीठ मागायचं, त्याला जोगवा म्हणतात. घरात कणग्या भरलेल्या असल्या तरी मागावंच लागतं, कारण मागणं हीच तिथली पूजा. माझ्या आईनं मरताना आपली परडी सुनेच्या हातात दिली, लेकाच्या नाही. "ह्याला मागता येत न्हाय," आई म्हणाली. "ह्याची मान ताठ हाय." खरं बोलली ती.

गोदावरीचा आवाज गोड नव्हता. गोड आवाज लग्नात गाणाऱ्या पोरींचा असतो, चार दिवसांत विरतो. हिचा आवाज कोऱ्या घोंगडीसारखा होता. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टोचायचा, आणि एकदा अंगावर घेतला की थंडीत दुसरं काही नको वाटायचं. तिला किती गाणी येत होती ते आम्ही कधी मोजलं नाही. काही तिच्या सासूची, काही माहेरची, काही तिनं स्वतः रचलेली. स्वतःची कुठली असं विचारलं तर म्हणायची, "आईची हायत." गावोगावची माणसं बैलगाडी जुंपून न्यायला यायची. घरी बाळंतपण झालं, विहिरीला पाणी लागलं, पोरगं तापातून उठलं, की गोदाबाईचं गाणं पाहिजे. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यावरून तिला कुणी टोचलं तर ती भांडत बसायची नाही, गायला लागायची. आणि टोचणारी बाई झांज घेऊन मागं बसायची. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आता माझ्या बोटाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या बोटावर आहे. लग्नानंतर दोनतीन वर्षांनी मोटेचा नाडा आणि चाक यांच्यात माझं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट सापडलं. बोट तुटलं नाही, पण नीट बसलंही नाही. तुणतुण्याची तार त्याच बोटानं छेडायची असते. संथ गाण्यात काही वाटायचं नाही. पण चाल चढली की बोट आकड्यासारखं वळून अडकायचं, आणि डाव्या हातानं सरळ करेपर्यंत तार मुकी राहायची. तिचं एक गाणं होतं, देवी डोंगर उतरून येते त्याचं. त्यात एका जागी संथ चाल सुटते आणि दुप्पट वेग येतो. नेमकं तिथं माझं बोट अडकायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, आता सगळा मेळा हसणार. पण गोदावरीनं तो स्वर तिथंच धरून ठेवला, मग दम घेतला, तेवढ्यात मी बोट सोडवलं, आणि तार वाजल्यावरच ती पुढं गेली. त्या दिवसापासून ती दर वेळी तिथं थांबायची.

मला राग यायचा. संबळ वाजवणारा मारुतीअण्णा तोंडावर बोलून दाखवायचा, "गाणं नदीगत निघालंय आन् तुझा खडक मधी." एकदा त्यानं आपल्या पुतण्याचं नाव सुचवलं, पोरगा चांगलं वाजवतो म्हणाला. गोदावरी म्हणाली, "चांगला वाजवत असंल तर त्याच्यासाठी चांगली गाणारी बी हुडका." एवढ्यावर तो विषय मिटला. घरी आल्यावर मी तिच्यावर डाफरलो. म्हटलं, माझ्यासाठी थांबत जाऊ नको, मला भीक नको. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "तुमच्यासाठी कोण थांबतंय? मला दम लागतो तिथं." मी ते खरं धरलं. माणसाला सोयीचं असलं की तो काहीही खरं धरतो.

पुढं आमच्या राज्यात दिवस वाईट आले. कुणी कुणावर कधी वहीम घेईल सांगता येत नव्हतं. चारजण एका जागी बसले की ठाण्यात खबर जायची. एका नवरात्रात ठाण्यातून हुकूम आला, परवानगीच्या चिठ्ठीशिवाय संबळ-झांज वाजवायची नाही. पाटील चिठ्ठीसाठी दोन हेलपाटे घालून हात हलवत परत आला. मी काय केलं ते लपवत नाही. तुणतुणं कणगीत जोंधळ्याखाली पुरलं आणि घरात बसलो. गोदावरी मात्र माळ घालून, परडी घेऊन पारावर गेली. मागं पाचसहा बाया गेल्या. मी दाराच्या फटीतून बघत होतो. गाणं सुरू झालं तसा ठाण्याचा एक जवान आला.

"बाई, बंद करा. चिठ्ठी कुठं हाय?"

"चिठ्ठी कशाला लागती, जवान?"

"बाजाला."

"बाजा कुठंय? बघा धुंडून. हा गळा हाय. गळ्याला चिठ्ठी लागती असं तुमच्या कागदावर असंल तर वाचून दावा, मी ऐकते."

बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. जवान कागद काढायला गेला नाही. पाराजवळच्या लिंबाखाली उभा राहिला आणि गाणं संपल्यावर गेला. पुढच्या शुक्रवारी तो परत आला, हुकूम सांगायला नाही, नुसता उभा राहायला. त्याचं नाव मला कळलं नाही. माणूस वाईट नसावा. हुकूम त्याचा नव्हता, कान मात्र त्याचे होते. त्या दिवशी गोदावरी घरी आली आणि मला एवढंच म्हणाली, "कणगीतलं काढा. जोंधळ्याला गाणं ऐकवून काय उपेग?" मंगळवारी मी तिच्या शेजारी पारावर बसलो. भ्यालो होतो, त्यामुळं बोट लवकर अडकलं आणि लवकर सुटेना. ती थांबली. जवान बघतोय, लोक बघतायत, आणि ही बाई आपल्या अंगणात उभी असल्यासारखी निवांत थांबली. असली होती ती.

अशा बाईचा गळा देवीनं आधी काढून घेतला. जीव नंतर घेतला, आधी गळा. ह्याचाच मला संताप. श्रावणात आवाज बसला. हळद झाली, ज्येष्ठमध झालं, वैद्य झाला. मग गाडीत घालून धाराशिवला दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हातारा आणि सरळ माणूस होता. त्यानं मला बाहेर बोलावून सांगितलं, आत गाठ आहे आणि तिथवर कुणाचा हात पोचत नाही. भादव्यात ती नुसती ओठ हलवायची. नंतर तेही थांबलं. बाजेच्या गाताला, म्हणजे कडेच्या लाकडाला, बोटानं ठेका धरून पडायची. मला ठेक्यावरून गाणं ओळखू यायचं. डोंगर उतरायच्या गाण्यात त्या जागी आली की बोट उचलून थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, दमली. घट बसायला आठ दिवस होते तेव्हा ती गेली. जिनं जन्मभर देवीचे नऊ दिवस जागवले, तिला नवरात्राचा एक दिवा बघू दिला नाही.

मी त्याच दिवशी देव्हाऱ्यापुढं उभा राहून म्हणालो, तुझं माझं संपलं. परडी आणि माळ खुंटीला टांगली. मंगळवार आला, शुक्रवार आला, परडी तशीच. आमच्यात मेलेल्या आराधिणीची परडी रिकामी ठेवत नाहीत. वर्षाच्या आत ती कुणाच्या तरी हातात द्यावी लागते, नाहीतर देवीचा कोप होतो. भावजय रोज दारात. "भावजी, परडी माझ्याकडं द्या. घराण्याचं हाय, घरात ऱ्हाऊ द्या." तिला गाण्याची एक ओळ येत नव्हती. तिला परडीचा मान पाहिजे होता. मी म्हटलं, "गाऊन दाखवा आणि घेऊन जा." ती म्हणाली, "देवी बघून घेईल तुमाला." मी म्हटलं, "बघू द्या. माझ्याकडं आता नेण्यासारखं काय ठेवलंय तिनं?" मारुतीअण्णाही समजवायला आला. त्याच्याशीही मी धड बोललो नाही. खरं सांगायचं तर मला कोपाची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. गोदावरीची गाणी कुठं लिहिलेली नव्हती. मागं बसणाऱ्या बाया नुसती टेक धरायच्या, गाणं तिच्या एकटीच्या गळ्यात. मी एवढी वर्षं शेजारी बसलो, पण माझं ध्यान बोटाकडं. ओळी आठवायला बसलो तर दोन आठवायच्या, तिसरी नाही. दर महिन्याला काहीतरी पुसत होतं. बाईला एकदा जाळलं होतं. गाणी अशी रोज थोडीथोडी जळताना मला बघवत नव्हती.

म्हणून चैत्रातल्या यात्रेला मी ठरवून निघालो. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या देवीची पालखी डोंगरावरून उतरते आणि खालच्या चुन्याच्या रानात येते. तिथं जमलेली माणसं रानातले पाच-पाच पांढरे खडे वेचून एका ढिगावर टाकतात. त्याचा चुना होतो आणि तो देवळाला लागतो. गरीब-श्रीमंत सगळ्यांचे खडे एकाच ढिगात. आम्ही दर साल जायचो. माझ्या हातात तुणतुणं असायचं म्हणून गोदावरी दहा खडे वेचायची. "पाच माझं, पाच तुमचं," म्हणायची. मी कधी वाकलो नाही. ह्या वेळी मी परडी, माळ आणि तुणतुणं एका फडक्यात बांधलं. पालखी समोर आली की ते गाठोडं तिच्या पुढ्यात आपटायचं आणि म्हणायचं, तुझं तू घे. भर यात्रेत, सगळ्यांच्या देखत. मग कुणी मारलं तरी चालेल, असा बेत होता.

पहाटे निघालो. रागाच्या भरात भाकरी घेतली नाही, पाणी घेतलं नाही. म्हातारपणी राग पोटाला पुरत नाही हे वाटेत कळलं. चुन्याचं रान जवळ आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं, पांढऱ्या जमिनीवरून डोळ्यांत घुसत होतं. एका लिंबाच्या सावलीत आठदहा बाया आणि दोन बाप्ये बसले होते, त्यांची गाडी सोडलेली. मी त्यांच्यापासून चार हात लांब टेकलो आणि टेकल्या टेकल्या डोळ्यांपुढं काळं आलं. शुद्धीवर आलो तेव्हा एक तिशीतली बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. कपाळाला मळवट, गळ्यात माळ. बोलण्यात कानडी हेल होता.

"अज्जा, जेवला न्हाई का?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय न्हाई. आमच्या झाडाखाली मेला तर आम्हालाच उचलाय लागंल." असं म्हणून तिनं माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर शेंगाची चटणी. मी खाल्ली. अशा बाईपुढं नाही म्हणायची मला सवय नव्हती.

तिचं नाव नीलव्वा. उमरग्याच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेवर तिचं गाव. तीन दिवस गाडीनं येत होते. फडक्याची गाठ सुटून परडी बाहेर आली होती. ती तिनं उचलली आणि आत बघितलं. "रिकामी परडी घेऊन फिरू नये, अज्जा." मी सांगितलं, की ती टाकायचीच आहे, म्हणून रिकामी. कुणाची, विचारल्यावर मी म्हटलं, मेलेल्या माणसाची. तिनं परडी पदरानं पुसून माझ्याजवळ ठेवली, आणि तुणतुण्याकडं बोट केलं. त्यांचा तुणतुणं वाजवणारा गावीच तापानं पडला होता. पालखी यायला वेळ आहे, दोन गाणी वाजवता का, असं ती म्हणाली. मी म्हटलं, "माझं बोट चालत न्हाय." ती म्हणाली, "जेवढं चालंल तेवढं चालू द्या." भाकरी खाल्ली होती, नाही कसं म्हणायचं? एवढं वाजवून द्यावं आणि मोकळं व्हावं, असा विचार केला. सहा महिन्यांनी तार लावली.

नीलव्वानं सूर धरला. आवाज गोदावरीसारखा मुळीच नव्हता, पातळ होता. पण पहिल्या ओळीलाच मी मान वर केली.

डोंगर उतरली माय, उभी वळून बघती,
मागं राहिलं त्याच्यापायी, पाय रोवून थांबती.

हे गोदावरीचं गाणं. जी तिसरी ओळ मला सहा महिने आठवत नव्हती, ती ह्या परमुलखातल्या बाईच्या तोंडून सरळ निघून आली. मग चौथी आली, पाचवी आली. मी वाजवत होतो, पण कोण वाजवतंय ते मला कळत नव्हतं. पुढं ती जागा आली. वेग सुटायची वेळ, आणि माझं बोट नेमानं अडकलं. तार मुकी झाली. मी मान खाली घातली. आता ह्या बाया पुढं जाणार, मी मागं राहणार, आणि हे बरोबरच आहे, असं वाटलं. माझ्यासाठी थांबणारी गेली होती.

पण गाणं पुढं गेलं नाही. नीलव्वानं स्वर धरून ठेवला होता. मागच्या सगळ्या बायांनी झांजा हवेत उचलून धरल्या होत्या. कुणाच्या कपाळाला आठी नव्हती, कुणी एकमेकींकडं बघत नव्हतं. नीलव्वानं दम घेतला. मी डाव्या हातानं बोट सोडवलं, तार वाजली, आणि सगळ्याजणी एकदम पुढं निघाल्या.

गाणं संपल्यावर माझा जुना राग वर आला. परक्यांची दया मला नको होती. मी म्हटलं, "माझ्यासाठी कशाला थांबलात?"

नीलव्वा घाम पुसत होती. सहज म्हणाली, "तुमच्यासाठी कोण थांबतंय, अज्जा? तिथं थांबायचंच असतं."

बाजूची एक म्हातारी मला अडाणी समजून समजावून सांगू लागली. गाणं शिकवताना पहिल्यांदा हीच जागा शिकवतात. माय मागं वळून बघते, तेव्हा मागं राहिलेला येईस्तोवर थांबायला नको का? जी थांबत नाही तिला आमच्यात हे गाणं म्हणू देत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलं, मी विचारलं. नीलव्वा म्हणाली, माझ्या सासूनं. सासू फार वर्षांपूर्वी ह्याच यात्रेला आली होती. पालखी पुढं आमराईत पाच दिवस मुक्काम करते, तिथं तिनं एका बाईपासून उचललं. "सासू सांगायची, काय बाई होती म्हणून सांगू. आन् तिच्या शेजारी एक तुसडा माणूस, तोंड वाकडं करून तुणतुणं वाजवायचा."

"तुसडा म्हणाली?"

"व्हय. सासू आता न्हाई, न्हाईतर तुम्हाला..." एवढं बोलून तिनं माझ्या तुणतुण्याकडं बघितलं. मग माझ्या बोटाकडं बघितलं. ते अजून अर्धं वाकलेलंच होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतले. ते पाय धरण्यासारखे नव्हते, आणि त्या वेळी ते मला जेवढं कळलं तेवढं कधीच कळलं नव्हतं.

तेव्हा चाळीस वर्षांचा हिशेब माझ्यापुढं उघडा पडला. तिला तिथं कधी दम लागत नव्हता. बाजेवर बोट उचलून ती माझ्याकडं बघायची, ती दमून नाही. मी जिची लाज धरून बसलो होतो, ती माझी खोट तिनं गाण्यात घेतली आणि देवीच्या पायाशी अशी बसवली, की तीन दिवसांच्या वाटेवरच्या बाया ती रीत म्हणून पाळतात. गाणी जळतायत म्हणून मी सहा महिने कुढत होतो, आणि ती गाडीत बसून मुलूख ओलांडून गेली होती. माझ्या बोटासकट गेली होती.

मग मी ते केलं, जे आईच्या मते मला येत नव्हतं. परडी उचलली, दोन्ही हातांनी नीलव्वापुढं धरली आणि म्हटलं, "जोगवा दे, माय." तिनं पिठाच्या पिशवीत हात घातला. मी म्हटलं, "पीठ नको. तेच गाणं परत म्हण." तिनं परत म्हटलं. मी वाजवलं. बोट अडकलं, त्या थांबल्या. तिसऱ्यांदा म्हटलं. शेवटी तिनं चिमूटभर पीठ परडीत टाकलंच. रिकामी ठेवू नये, म्हणाली.

तेवढ्यात उदो-उदोचा गजर झाला आणि पालखी डोंगरावरून उतरताना दिसली. माणसं धावली. माझं गाठोडं सुटलेलं होतं, आणि आपटायला काही उरलं नव्हतं. परडीत पीठ होतं. पालखी समोरून गेली तेव्हा मी देवीला एवढंच म्हणालो, की तू तिला नेलीस हे मी विसरणार नाही, आणि गळा आधी का नेलास ह्याचं उत्तर तुला द्यावं लागेल. पण आज तू वळून बघितलंस, हेही नाकारणार नाही. मग वाकलो. कमरेतून कळ आली. पांढरे खडे वेचले. पाच माझे, पाच तिचे. दहाही ढिगावर टाकले.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी परडी घेऊन पाच घरं फिरतो. पहिल्या दिवशी पोरं हसली. मारुतीअण्णा ओट्यावरून म्हणाला, "म्हातारपणी मान वाकली वाटतं." मी म्हटलं, "वाकली. पीठ घाला." त्यानं घातलं, आणि पुढच्या शुक्रवारी संबळ घेऊन मागं आला. भावजयीच्या दारातही मी उभा राहतो. तिथं हात पुढं करणं सगळ्यात जड जातं, म्हणून ते घर मी पहिलं घेतो. हुकूम अजून आहे, चिठ्ठी अजून नाही. आम्ही वाजवतो. माझ्यामागं ही परडी उमरग्याकडच्या नीलव्वाकडं जायची आहे. हे मी इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी वाद घालू नये.

शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी समजत होतो. गोदावरी तर कुणापुढं हरली नाही, ना ठाण्यापुढं, ना गावापुढं. पण रोज मागत होती आणि दर गाण्यात थांबत होती. ते दोन्ही एका बाईत कसं मावलं हे मला तिच्या हयातीत कळलं नाही. आता थोडं कळतं. देवीचे उपकार मानायचे तर मी एकाच गोष्टीचे मानतो, की त्या दिवशी तिनं मला त्याच लिंबाखाली पाडलं.

गाणं मला येत नाही. पारावरच्या बाया नीलव्वाकडून मी उतरवून आणलेल्या ओळी धरून म्हणतात, मी तार छेडतो. उन्हाळ्यात बोट जरा मोकळं असतं, कधीकधी अडकत नाही. तरी मी तिथं थांबतो.